दुखवट्याची चावी

सकाळ रोजच्यासारखीच होती. नवघरच्या त्या दोन खोल्यांत साडेपाचला पाणी आलं, सहाला गेलं. शुभदानं पिंप भरलं, सान्वीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेच्या रिक्षात बसवून आली. हरिश्चंद्र एका हातानं चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं बूट चढवत होता आणि त्याची आई मनोरमा त्याच्यावर ओरडत होती.

"अरे, एक काय ते कर. चहा तरी पी, नाहीतर बूट तरी घाल. तुला काय चार हात आहेत?"

"असते तर शेठनं दोन गाड्या दिल्या असत्या चालवायला. बरंय, दोनच आहेत ते."

गाडी म्हणजे फोर्कलिफ्ट. भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत स्टीलच्या भांड्यांचा गाळा होता. तिथं पत्र्यांचे गठ्ठे उचलायचे, गोदामातून टेम्पोपर्यंत न्यायचे, हे हरिश्चंद्रचं काम. नऊ वर्षं तो ते करत होता. डब्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन तो साडेसातला निघाला. जिन्यात त्याची शीळ दोन मजले ऐकू आली, मग आली नाही.

फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. शुभदा ताटात मसुराची डाळ निवडत होती. तिनं फोन ऐकला, "बरं" म्हणाली, आणि ताटात उरलेली डाळ निवडून पुरी केली. खडे एकीकडे, डाळ एकीकडे. डाळ डब्यात भरली, झाकण लावलं. मग उठून सासूसमोर जाऊन उभी राहिली. पुढं कितीतरी दिवस बिल्डिंगमधल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, नवरा गेल्याचं कळलं आणि ही डाळ निवडत बसली. काळीज आहे का दगड?

काळीज होतंच. पण पाय फार वेळ दुमडून बसलं की त्याला मुंग्या येतात, मग काही काळ तो आपला वाटतच नाही. तिचं सगळं अंग तसं झालं होतं. चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला काढल्यासारखं वाटावं.

झालं होतं ते एवढंच. गाळ्याच्या दाराशी उतार आहे. हरिश्चंद्र पत्र्यांचा गठ्ठा उंच उचलून तो उतार उतरत होता. खाली एक टेम्पो आडवा लागलेला दिसला म्हणून त्यानं उतारावरच गाडी वळवली. गाडी कलली. त्यानं उडी मारली. गाडीच्या डोक्यावर जो लोखंडी पिंजरा असतो, तो त्याच्यावर आला.

मनोरमा रडत नव्हती, गात होती. रत्नागिरीकडच्या बाया जात्यावर गायच्या तसं, पण सूर जमिनीला टेकलेला.

डब्यातली भाकरी बाई, नाही निवली अजून
माझा हरी गं निवला, तिच्या आधीच निजून

शुभदा ते ऐकत होती. शब्द कानावर पडत होते, खाली उतरत नव्हते. डबा गाळ्यातून परत आला होता. तिनं तो उघडला नाही.

आता ही गाडी हरिश्चंद्रकडे आली कशी, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गाडी आधी लवूमामांची होती. मनोरमाचे धाकटे भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याच गाळ्याच्या अंगणात तीच गाडी कलली होती. मामांनी उडी मारली. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखालून गेला. ते दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी शेठ स्वतः आला. टॉवेल, टोपी, नारळ, आणि थाळीत गाडीची चावी. "लवू, जागा तुझ्याच घरात राहील." मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी चावी भाच्याच्या हातात ठेवली. त्या दिवशी शुभदानंच शिरा केला होता. चावीला हळदकुंकू लावलं होतं ते तिच्याच बोटांनी.

सगळ्या इस्टेटीत हीच रीत. गावाकडे देवळाची पूजा जशी गुरवाच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालते, तशी इथं एकेका घरात एकेक गाडी चालायची. माणूस मेला तर तेराव्याला, जायबंदी झाला तर घरी परतल्यावर, मालक दुखवटा घेऊन यायचा आणि दुखवट्याच्या थाळीत चावी असायची. भाऊ घ्यायचा, मेहुणा घ्यायचा. लोक म्हणायचे, मालक देवमाणूस आहे. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. गाडी चालवता येते का, हे थाळीला कुणी विचारायचं नाही.

शिकवणं म्हणजे मामांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दोन दुपारी शिकवलं, तेवढंच. हा दांडा वर, हा खाली, हा कलवायला. हॉर्न देत जा. पट्टा पोटाला काचतो, तो सीटच्या मागं बांधून टाक. आणि एक लक्षात ठेव बाळा, गाडी कलली की उडी मार. मी मारली म्हणून आज तुझ्यासमोर बसलोय.

केवढ्या मायेनं सांगितलं होतं ते.

दहाव्याला सगळे खाडीवर गेले. पिंड ठेवला. कावळे कठड्यावर होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला. कुणी म्हणालं, पोरीच्या लग्नात जीव अडकलाय. कुणी म्हणालं, आईत अडकलाय. जितेश, हरिश्चंद्रचा धाकटा भाऊ, हात जोडून उभा होता. सत्तावीस वर्षांचा. कुरिअरचं काम सुटून चार महिने झालेले. शेवटी लवूमामा कुबडी टेकत पुढं झाले, वाकले आणि म्हणाले, "हरी, काळजी करू नको. तुझी जागा घरातच राहील. जितेशला मी गाडीवर बसवतो. शब्द देतो."

कावळा खाली आला.

गलका झाला. मनोरमानं पदर तोंडाला लावला. "बघा, बघा. ह्यातच जीव होता माझ्या पोराचा." जितेश रडला. शुभदा कावळ्याकडे बघत राहिली. तो भाताच्या गोळ्यावर चोच मारत होता, कावळे मारतात तशी.

आता जितेशनं गाडीवर बसणं ही मेलेल्याची इच्छा झाली होती.

बाराव्या दिवशी संचिता आली. हरिश्चंद्रची चुलत बहीण. भिवंडीकडच्या एका मोठ्या गोदामात ती फोर्कलिफ्टच चालवायची, म्हणून घरात तिला थट्टेनं ट्रकवाली म्हणत. लग्नाच्या बोलण्यांत हे काम लपवून ठेवायचं, असा तिच्या आईचा दंडक होता. ती आली, मनोरमाच्या गळ्यात पडली, मग शुभदाजवळ भिंतीला टेकून बसली.

"वहिनी, झालं कसं नक्की?"

जितेशनं मोबाईलवर गाळ्यातला फोटो दाखवला. संचितानं तो बोटांनी मोठा केला, लहान केला.

"गठ्ठा एवढा वर का होता?"

"वरूनच न्यायचा दादा," जितेश म्हणाला. "गठ्ठ्याखालून समोरचं दिसतं."

"आणि उतार तोंड खाली करून उतरला?"

"मग काय ताई, पाठमोरा उतरणार?"

"हो. पाठमोराच."

जितेश हसला. संचिता हसली नाही. तिनं सान्वीची कंपासपेटी घेतली. पाट भिंतीला तिरका लावला. पेटीच्या पुढच्या टोकावर काड्यापेटी उंच ठेवली.

"ही गाडी. हा गठ्ठा. भार घेऊन उतार उतरायचा तर भार नेहमी चढाकडे. म्हणजे आपण उलटं उतरायचं, मागं बघत. भार जमिनीपासून वीतभर, जास्त नाही. आणि उतारावर वळायचं नाही. कधीच नाही. टेम्पो आडवा आहे ना, थांबायचं. टेम्पोवाला गेला खड्ड्यात." तिनं पेटी पाटावर वळवली. पेटी उलटली. "बघ. ह्यात दादाची चूक नाही. त्याला कुणी हे सांगितलंच नाही. मला बारा दिवस नुसतं शिकवलं. पहिले तीन दिवस तर गाडीला हात लावू दिला नाही. मी चिडायचे."

"तुमची कंपनी मोठी, ताई. इथं कोण बसवून शिकवणार?" जितेश म्हणाला आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेला.

शुभदानं उलटलेली पेटी सरळ केली. "पण त्यांनी उडी मारली होती की. तरी कसे सापडले?"

संचितानं खाली पडलेली काड्यापेटी उचलली.

"सांग."

"उडी मारायचीच नसते, वहिनी. गाडी माणसापेक्षा लवकर पडते. माणूस उडी मारतो ना, तो पिंजऱ्याच्या खालीच पडतो. पट्टा लावलेला पाहिजे. स्टेअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, गाडी पडते त्याच्या उलट्या अंगाला झुकायचं आणि बसून राहायचं. पिंजरा त्यासाठीच असतो. आत बसणाऱ्यासाठी."

"बसून राहिले असते तर?"

"हात मोडला असता. बरगडी. काय माहीत."

"म्हणजे घरी आले असते," शुभदा म्हणाली. आवाजात काही नव्हतं. भाजी संपली म्हणतात तसं म्हणाली.

जाताना संचितानं तिचा हात धरला. "हे लवूमामांच्या कानावर घालू नको. ते मरतील गं." शुभदानं मान हलवली. तिनं मनाशी ठरवलंच होतं. मामा हरिश्चंद्रला पाठंगुळीला घेऊन आंब्याच्या बागेत फिरायचे, हे तिनं दहा वेळा ऐकलं होतं. पाय गेला तेव्हा मामा रडले नव्हते, आता बारा दिवस ते अन्नाला शिवत नव्हते. त्यांना कोण सांगणार?

तेरावा दिवस आला. दोन खोल्यांत चाळीस माणसं. आतल्या खोलीत शुभदा गव्हल्यांची खीर ढवळत होती. बाहेर शेठ आला तसं सगळे उठून उभे राहिले.

शेठ वाईट माणूस नव्हता, हे लिहायला हवं. दवाखान्यात तो लहान मुलासारखा रडला होता. आजही येताना त्यानं चपला जिन्यातच काढल्या. मागून एकानं थाळी आणली. पांढरी टोपी, टॉवेल, मनोरमासाठी पातळ, आणि मधोमध चावी. चावीला नवीन लाल दोरा.

त्यानं जितेशच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि चावी त्याच्या ओंजळीत ठेवून वरून आपल्या हातानं मिटली.

"जागा घरातच राहिली, मावशी," तो मनोरमाला म्हणाला. "मी आहे तोपर्यंत कुठं जात नाही."

"देव तुमचं भलं करो."

"लवू, तू येशील ना दोन दिवस? पोराला जरा दाखवून दे."

"येतो की शेठ. एका पायावर तयार आहे."

माणसं हसली. तेराव्याला हसतात तशी, ओठ न उघडता. आत शुभदानं गॅस बंद केला. हातातली पळी खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. ती तशीच बाहेर आली.

"टोपी राहू दे. चावी नको."

कुणाला ऐकू आलं, कुणाला नाही. जितेशला आलं. "वहिनी, काय?"

"चावी परत दे."

शेठनं हात जोडले. "वहिनी, तुमचं दुःख मी समजतो. पण हा तुमचा हक्क आहे. मी उपकार नाही करत."

"हक्क नको, शेठ. शिकवणार कोण, ते सांगा."

"लवू आहे ना."

"वहिनी, तू आत जा ना," जितेश दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. चार महिने घरी बसून खातोय मी, आज कुठं..."

"बघू देत."

मनोरमा पुढं आली. "अगो, असं नको करू. दहाव्याला हरीनं शब्द घेतलाय. सगळ्यांनी बघितलं. आता शब्द मोडलास तर माझं लेकरू कुठं जाईल? मधल्यामध्ये लटकेल गो ते."

मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही आणि कावळ्याशी त्याहून नाही. खोलीतली सगळी माणसं एका बाजूला होती, हरिश्चंद्रसुद्धा त्यांच्याच बाजूला होता, हार घातलेल्या फोटोतून. जितेशची मूठ मिटलेली होती. उद्या सकाळी आठला तो उतारावर असणार होता, पट्टा सीटच्या मागं बांधून.

ती लवूमामांकडे वळली. बोलू नये ते बोलायला.

"मामा, गाडी कलली तर काय करायचं म्हणून सांगितलं होतं तुम्ही यांना?"

मामांचा चेहरा मऊ झाला. भाच्याची आठवण कुणी काढली की व्हायचा तसा. "उडी मार म्हणून. पहिलं तेच शिकवलं. ह्यालाही तेच शिकवणार."

"त्यांनी मारली, मामा."

कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

"माझं त्यांनी कधी ऐकलं नाही. तुमचं ऐकलं." ती रेशनची यादी वाचावी तसं बोलत होती. "उडी मारली म्हणून पिंजऱ्याखाली आले. पट्टा लावून आत बसून राहिले असते तर वाचले असते. संचिता सांगून गेली. तिला शिकवलंय."

"खोटं आहे," मामा म्हणाले. "मी मारली उडी. मी वाचलो की नाही? सांग, वाचलो की नाही?"

"मामा, तुमचा पाय."

लवूमामांनी खाली बघितलं. नऊ वर्षं ते स्वतःला समजावत आले होते की पाय दिला आणि जीव सोडवून घेतला, सौदा वाईट नव्हता. उडीनंच पाय नेला असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते बघत राहिले. दुमडून टाचणी लावलेल्या त्या रिकाम्या पायजम्याकडे माणूस किती वेळ बघू शकतो? मनोरमा भावाजवळ गेली, पण त्याला हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

मग ते उठले. कुबडी न घेता, भिंत धरून, जितेशपाशी आले. त्याची मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. जितेशनं जोर केला नाही. मामाच्या हातावर भाचा जोर करत नाही.

चावी त्यांनी थाळीत ठेवली. आवाज झाला.

"शेठ, घेऊन जा. पिंडाला शब्द दिला तो मी दिला, हरीनं मागितला नव्हता. मी तो परत घेतो. पाप लागायचं तर मला लागू दे." मग बहिणीकडे न बघता म्हणाले, "कावळ्याला भूक लागली होती, ताई."

शेठचा चेहरा उतरला. "लवू, माझ्याकडे दारात ओळ लागलीये. मी पहिलं तुमचं घर बघितलं."

"ओळीतल्याला तरी शिकवणार का?"

"अरे, इस्टेटीत कुणाला कुणी शिकवलंय? हात बसला की झालं." तो चिडून नव्हता बोलत. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं थाळी उचलली, खीर न खाता निघाला, आणि त्याच्यामागं बरीच माणसं उठली.

जितेशनं टोपी काढून फोटोपाशी ठेवली. "मोठी शाणी झालीस तू, वहिनी," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. ताट वाढलं की जेवायचा, पाणी हवं असलं तर सान्वीला सांगायचा. मनोरमाचं गाणं बंद झालं. लवूमामा आपल्या खोलीवर गेले ते आलेच नाहीत. शुभदा सकाळी पाणी भरत होती, वेण्या घालत होती. आपण बरोबर केलं असं तिला वाटत नव्हतं, चूक केली असंही वाटत नव्हतं. काही वाटायला जी जागा लागते, ती तिच्या आत उघडलीच नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. तिशीची, घाईघाईत नेसलेली साडी, हातात नारळ.

"हरिश्चंद्रभाऊंचं घर ह्याच ना? मी हंसा. तारोडीची." ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "ताई, राग मानू नका. तुमची जागा आमचे याना भेटली. नाथा नाव त्यांचा. मी बोल्ले, पयलं त्या घरान जाऊन फोटोच्या पाया पडू. त्यांचा जीव त्या गाडीवर असंल."

शुभदानं तिला आत घेतलं. हंसानं नारळ फोटोपुढं ठेवला, डोकं टेकवलं. पाणी प्याली. तिच्या चेहऱ्यावर लाज होती आणि लाजेखाली न लपणारा आनंद होता. मासेमारीत काही राहिलं नाही, म्हणाली. आता महिन्याला बरा पगार घरान येल.

"त्यांना गाडी शिकवली कुणी?"

"शिकवाचा काय हाय त्यात? यांनी होडीचा इंजिन चालवलाय. गाळ्यातल्या मानसांनी दाखवला, ह्यो दांडा वर, ह्यो खाली." ती जरा हसली. "आनि बोल्ले, कलली तं उडी मार. बाकी डर न्हाय."

ग्लास शुभदाच्या हातात होता. तो तिनं फार सावकाश खाली ठेवला.

मग तिनं हंसाला सगळं सांगितलं. उतार, भार, वळणं, पट्टा. उडी. हंसाच्या तोंडावरचा रंग गेला. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली.

"मंग मी काय करू, ताई? घरी जाऊन नको बोलू? नको बोल्ले तं उद्या चुलीवर काय ठेवू? तुमी सांगा."

हंसा गेल्यावर ती दारातच उभी राहिली. तिनं आपल्या घरातून चावी बाहेर काढली होती, एवढंच. चावी दुसऱ्या घरात गेली होती. आणि तिच्या दिराचा जीव वाचला, त्याची किंमत तारोडीच्या एका बाईच्या कपाळावर उभी होती, लाल, रुपयाएवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लवूमामांच्या खोलीवर गेली. मामा खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. तिनं हंसाचं सांगितलं. उडीचं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

"माझंच वाक्य आहे ते," ते म्हणाले. "इस्टेटीत मीच सांगत फिरलोय. नऊ वर्षं. चहाच्या टपरीवर बसून." मग कुबडी ओढली. "कुठं जायचंय?"

"ठाण्याला. कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी ऑफिस आहे. संचितानं फोनवर पत्ता दिलाय."

तिथं एका मोठ्या टेबलामागं एक अधिकारी बाई होत्या. चष्मा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं तुटक पण ऐकून घेणारं. त्यांनी फाईल मागवली. पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिलेला होता. गाळ्याकडून आलेला एक कागद त्यांनी शुभदापुढं सरकवला. हरिश्चंद्रचा फोटो, गोल शिक्का, आणि खाली लिहिलेलं, प्रशिक्षित चालक.

"ह्यात तर प्रशिक्षण दिल्याचं आहे."

"हा फोटो आमच्या लग्नातला आहे," शुभदा म्हणाली. "कापून लावलाय. बाजूचा खांदा माझा आहे."

बाईंनी कागद उजेडात धरला. शालूचा हिरवा काठ दिसत होता. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मग खरं शिकवलं कुणी?"

"मी," लवूमामा म्हणाले.

"तुमच्याकडे शिकवण्याचा परवाना? कोर्स केलात?"

"मला कुणी शिकवलं नाही. मी बघून बघून चालवली. मग त्याला शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं. असंच्या असं लिहा."

"काका, हे लिहून दिलंत तर उद्या प्रश्न तुम्हालाही विचारतील."

"विचारू देत ना. आजवर कुणी विचारलंच नाही."

बाई लिहू लागल्या. मामांनी सही केली. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. मग बाईंनी कागद शुभदाकडे वळवला. "तुमच्या मिस्टरांच्या मृत्यूबाबत तक्रार, असा विषय घालते."

"नको."

"म्हणजे?"

"ते गेले. त्यांचं तुम्ही मागाहून करा, कितीही दिवस लावा." तिच्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती. तिनं तो बघितला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला तो आपला वाटला. "विषय जिवंत माणसाचा घाला. नाथा नाव आहे. तारोडीचा. त्याला कामावरून काढू नका, बाई, त्याला शिकवा, असं लिहा. शिकवेपर्यंत खाली उतरवा आणि पगार चालू ठेवा, असं लिहा."

"लिहिते. साहेबांच्या सहीनं आठवड्याभरात..."

शुभदानं त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बोट केलं. पावणेबारा झाले होते.

"तो आठ वाजल्यापासून गाडीवर आहे," ती म्हणाली. "आत्ता फोन लावा."